रंगाचं उष्टावण

खेळण्यालाही पासपोर्ट लागणार, हे मी चिरेवाडीच्या शाळेत पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बाबलकाका मागच्या बाकावरून म्हणाले, "मगे आमचो भवरो इमानात बसतलो तेव्हा खिडकीकडची जागा मागतलो काय गो, दीप्ती?"

सगळी सभा खो खो हसली. मीही हसले, कारण एकदा हसल्याशिवाय माझ्या गावची माणसं पुढचं काही ऐकून घेत नाहीत. माझं कामच हे आहे. खेळणी बनवणाऱ्यांच्या गावांतून फिरायचं, सुरक्षेचे नवे नियम समजावायचे, खेळणी तपासायची आणि त्यांचे पासपोर्ट तयार करून द्यायचे. इतर गावांत मला पासपोर्टवाली म्हणतात. इथे मी रामकृष्ण मेस्त्रीचं चेडू, म्हणजे मुलगी, आणि त्यामुळे इथे माझं कुणी फारसं मनावर घेत नाही.

पासपोर्ट म्हणजे खेळण्याच्या पोटात बसवलेली मोहरीएवढी चकती. फोन जवळ नेला की लाकूड कुठल्या झाडाचं, रंग कशाचा, कुणी बनवलं, कुठे तपासलं, मोडलं तर काय करायचं, सगळं समोर दिसतं. चकती नसेल तर खेळणं ना दुकानात ठेवता येत, ना जत्रेत. गावातल्या माणसांना हे म्हणजे शुक्लकाष्ठ वाटत होतं. पण त्याच्या जोडीला आलेल्या एका गोष्टीसाठी मात्र ती आतुर होती. तिचं नाव 'माग'.

लाकूड लेथवर गरगर फिरत असतं आणि कारागीर त्याला हत्यार टेकवतो. हात कितीही मुरलेला असला तरी तो किंचित थरथरतो. नाडीचे ठोके, मनगटाची ठेवण, अंगठ्याचा जोर या सगळ्यांचा त्या थरथरीत वाटा असतो. तिचे वळ लाकडावर उमटतात, केसाहूनही बारीक, आणि वरून रंग बसला की आपल्याला दिसेनासे होतात. 'माग' रंगाच्या आरपार जाणाऱ्या, आता साध्या फोनमधूनही निघणाऱ्या किरणांनी हे वळ वाचतो. दोन माणसांचे वळ कधी जुळत नाहीत. एका कारागिराचे थोडे नग त्याला दाखवले की त्या हातचं खेळणं जगात कुठेही असलं तरी तो ओळखतो. शहरातल्या मॉलमध्ये आमच्या गावच्या नावानं यंत्रावरची नक्कल खपत होती, ती यानं एका झटक्यात बंद होणार होती.

मात्र माणसाचा हात वयाबरोबर बदलतो. म्हणून तरुणपणापासून आजपर्यंतच्या टप्प्याटप्प्याचे नग द्यावे लागतात. ज्या वर्षांचे नग दिले नाहीत, त्या वर्षांची खेळणी 'माग'ला ओळखू येत नाहीत. तशी जुनी खेळणी बेवारस धरली जातात. ओळखू आली, तर त्यांचा पासपोर्ट मागाहून तयार होतो आणि ज्याच्या घरात ती आहेत त्याला सगळं कळतं, धोका असेल तर तोही.

हे सांगून मी खाली बसणार, तेवढ्यात बाबा उठले. सत्तरी पार केलेला माझा बाप, अंगात बंडी, तोंडात दात नाहीत, कवळी खिशात.

"पासपोर्ट आमच्याकडे कधीचोच आसा," ते म्हणाले. "लेथच्या वरती टांगलेलो आसा. हातच्या काकणाक आरसो कित्याक?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाहेरच्याला यातलं काही कळायचं नाही म्हणून सांगते. आमच्याकडे नवी लाख, नवा रंग घरात आला की त्याचा पहिला खुळखुळा विकत नाहीत. तो घरातल्या तान्ह्या पोराच्या हातात देतात. पोर तो चोखतं, हिरड्यांनी चावतं. दोन दिवस पोर हसतंखेळतं राहिलं की मग तो रंग बाजाराला मोकळा. याला रंगाचं उष्टावण म्हणतात. उष्टा झालेला खुळखुळा दोरीत ओवून लेथच्या वर टांगून ठेवायचा. आमच्या दोरीत पणजोबांच्या वेळचेसुद्धा आहेत. बाबांचं एक वाक्य मी जन्मापासून ऐकत आले आहे, "जां आपल्या पोराच्या तोंडात घालूचां नाय, तां दुसऱ्याच्या पोराक देऊचां नाय." मला त्या वाक्याचा अभिमान होता. परदेशी पाहुण्यांना मी ते भाषांतर करून ऐकवत असे.

दुसऱ्या दिवशी मी आमच्याच घरचं काम हातात घेतलं. बाबांच्या निरनिराळ्या वयांतले खात्रीचे नग म्हणजे अर्थात ती दोरी. मी स्टुलावर चढून ती काढायला लागले, तसा सिद्धेश हातातलं काम टाकून आला.

सिद्धेश माझा धाकटा भाऊ. चाळिशीला टेकला आहे, पण मनानं चार-पाच वर्षांच्या पुढे गेला नाही. त्याला एक काम येतं आणि ते त्याच्यासारखं गावात कुणालाच येत नाही. लाखेचं खेळणं लेथवर फिरत असताना त्याला केवड्याचं सुकं पान धरून झळाळी आणायची. तो पान धरतो आणि गुणगुणत बसतो. दोरीतला एक लाल खुळखुळा त्याचा लाडका आहे. त्यावर त्याच्या पहिल्या दोन दातांच्या खुणा आहेत.

"ताई, माजो लाल दी," तो म्हणाला.

"देतंय रे. जरा फोटो काढूचो आसा."

तो तसा का झाला, याचं उत्तर गावाकडे तयार होतं. आई गरोदर असताना ग्रहण लागलं होतं. मी भुकेनं रडत होते म्हणून ती विळीवर बसली आणि माझ्यासाठी एक बटाटा चिरला. शेजारणीनं ते पाहिलं. सिद्धेश चालायला उशिरा लागला, बोलायला त्याहून उशिरा, आणि शाळेनं त्याला परत पाठवलं, तेव्हा त्या बटाट्याची गोष्ट घरोघर पोचली होती. बाबा आईला कधी टाकून बोलले नाहीत, पण 'तसां काय नसता' असंही कधी म्हणाले नाहीत. आई दर ग्रहणाला उपास करत राहिली आणि तशीच गेली. शेवटच्या आजारात तिनं माझा हात धरून मला सांगितलं होतं, "सिदूक संभाळ गो. माजी चूक तुज्या गळ्यात इली."

दोरीतले नग मी ओळीनं मांडले आणि तपासणीचं यंत्र काढलं. ते पिस्तुलासारखं धरायचं. ते वस्तूवर क्ष-किरण टाकतं, आणि वस्तूतलं प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत धाडतं. लोखंडाचे वेगळे, जस्ताचे वेगळे. पडद्यावर उंचसखल रेघ उमटते आणि कुठे सुळका आला ते पाहून आत काय आहे ते सांगता येतं. पणजोबा, आजोबा, बाबांची सुरुवातीची लाख, सगळ्यांच्या रेघा सपाट आल्या. माझा स्वतःचा उष्टा खुळखुळाही लाखेचा, स्वच्छ. मग सिद्धेशचा लाल आला आणि रेघ एका ठिकाणी उभीच राहिली.

मी यंत्र बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा तेच. पिवळा घेतला, नारिंगी घेतला. दोरीच्या मधल्या भागातला एकही नग धड निघाला नाही.

शिसं होतं. लाख महागली आणि मिळेनाशी झाली, तेव्हा बाबांनी डब्यातला तयार रंग आणायला सुरुवात केली होती. गावात पहिले तेच. झगझगीत लाल, हळदीसारखा पिवळा. बाजारात उड्या पडल्या. पुढे लाख परत आली आणि डबे बंद झाले. तो मधला काळ म्हणजे सिद्धेशचं तान्हेपण. नवा डबा फुटला की पहिला खुळखुळा त्याच्या तोंडात, आणि डबे तर सतत फुटत होते.

शरीराला शिसं आणि कॅल्शियम यांच्यातला फरक नीट कळत नाही. बाळाचं वाढतं शरीर कॅल्शियमला हपापलेलं असतं. ते शिसं आनंदानं आत घेतं, हाडांत साठवतं, मेंदूतही जाऊ देतं. तिथे पेशी एकमेकींशी जोडल्या जात असतात, त्या जोडणीत ते मोडता घालतं. ताप नाही, उलटी नाही, पुरळ नाही. पोर दोन दिवस हसतंखेळतंच राहतं. ते दोन दिवस आमच्या उष्टावणाला पुरेसे वाटत आले होते.

माझ्या वेळी लाख होती आणि त्याच्या वेळी डबा, एवढाच आम्हा भावंडांतला फरक. मला बाबांचा भयंकर राग आला. त्यांनी मुद्दाम काही केलं नाही, हे कळत असूनही आला. आईचे ते उपास डोळ्यांपुढे आले आणि मी लेथच्या पाटावर बसून रडले. सिद्धेशनं शेजारी बसून माझ्या पाठीवर थोपटलं, "बाऊ झालो?"

मग मी तेच केलं, जे घाबरलेलं माणूस करतं. मधले नग बाजूला काढून कपाटात ठेवले आणि 'माग'ला फक्त लाखेचे नग दिले, जुने आणि नवे. नियमात ते बसत होतं. बाबांचा पासपोर्ट निघाला असता, गावाचं नाव राहिलं असतं, आणि ती मधली वर्षं बेवारस राहिली असती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. या वयात त्यांना हे सांगून काय मिळवायचं?

अर्ज पाठवण्याआधी मी बेवारस खेळण्यांची चित्रं चाळली. का चाळली, माझं मला माहीत. लोकांनी घरातली जुनी खेळणी फोनवर दाखवलेली असतात. फार शोधावं लागलं नाही. लाल खुळखुळा, देठाशी तीन काळी वळी, बाबांची खूण. गडहिंग्लजहून कुणीतरी पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'सासूबाईंनी जपून ठेवलेला. आता आमच्या आठ महिन्यांच्या मुलीचा जीव की प्राण. कुठला असेल?' त्याखाली 'माग'चं उत्तर, 'बनवणारा अज्ञात.' फोटोच्या कोपऱ्यात एक ओली, गुबगुबीत मूठ दिसत होती.

आमची लाकडी खेळणी मोडत नाहीत, याचं आम्ही किती कौतुक केलंय! घराघरांत ती जपून ठेवलेली, नातवंडांसाठी.

मी त्या बाईला लगेच कळवलं, "बाळाच्या हातातून तो आधी काढा, रक्त तपासून घ्या." पण त्या एका घरी कळवून काय होणार? बाबांनी त्या वर्षांत शेकड्यांनी विकले होते. ते कुठे गेले हे देवालाच ठाऊक, किंवा 'माग'ला. मी तशीच लेथघरात आले, तर बाबा मधेच रिकाम्या झालेल्या दोरीकडे बघत उभे.

"मधले खुळखुळे खंय गो?"

"ते जुने झाले, बाबा. मशीन वाचणा नाय."

"आजोबांचे वाचता आणि माजे नाय?" त्यांनी स्टूल ओढून घेतलं. "खोटां बोलाक तुका कधीच येवक नाय. काय गावलां तां सांग."

"त्यात शिसां आसा."

"शिसपेन्सिलीतलां?"

"तां नुसतां नाव, बाबा. ह्यां खरां शिसां. इख."

मी त्यांना सगळं सांगितलं. पडद्यावरच्या रेघा दाखवल्या, आधी लाखेची सपाट, मग डब्याची. मी गप्प झाल्यावर त्यांनी विचारलं, "सिदू तेनीच असो झालो?"

"शंभर टक्के कोणच सांगूचो नाय. दुसरीपण कारणां असतत. आणि तेव्हा कोणाक ठावक नाय होतां. डब्यार तसां कोणी लिवक नाय होतां."

"तुजे शंभर टक्के ऱ्हवांदे. तां हाडात ऱ्हवता म्हणतंस मां? मगे तेचां हाड बघ."

या यंत्रानं हाडही वाचता येतं. धातूच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी ती सोय आहे, नडगीवर काही मिनिटं धरायचं, बस. मी नको म्हणत होते. बाबांनी सिद्धेशला हाक मारली आणि स्वतः त्याची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. यंत्र लागताच तो हसायला लागला, "गुदगुल्यो!" बाबांनी त्याचा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला. लाकूड धरतात तसे नाही, अगदी हलके.

इतक्या वर्षांत बरंचसं निघून गेलेलं असणार. तरीही पडद्यावर, त्याच ठिकाणी, एक बुटका सुळका उभा राहिला. बाबांना तो वाचायला माझी गरज पडली नाही.

बराच वेळ त्यांनी तो पाय सोडला नाही. मग ते म्हणाले, "सुनंदान कायच करूक नाय होतां."

सुनंदा म्हणजे माझी आई. भिंतीवर तिचा फोटो होता. ते त्याच्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते. त्यांना मी रडताना कधी पाहिलं नव्हतं आणि तेव्हाही ते रडले नाहीत. त्यांनी सिद्धेशची दुमडलेली पँट खाली सोडून नीट सारखी केली.

"कपाटातले काढ," ते म्हणाले. "सगळे दी त्या मशिनीक."

"बाबा, सगळीकडे नाव येतला. लोक फोन करतले. गाव आपल्याक बोलतलो."

"बोलांदे. तेच्या आवशीक, तुज्या आयेक, बोललो मां गाव? तेव्हा मी गप ऱ्हवलंय."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तशी मी माझ्याच माणसांना पासपोर्ट काढून देता देता त्यांचा काळ झाले, असं मला वाटत होतं. पण हात थांबवण्याचा हक्क आता माझ्याकडे राहिला नव्हता. मी मधले सगळे नग एकेक करून 'माग'ला दाखवले. पासपोर्टमध्ये कारागिराच्या चार शब्दांसाठी जागा असते. तिथे लोक सहसा 'आमच्या परंपरेचा आम्हाला अभिमान आहे' वगैरे म्हणतात. बाबांनी फोन तोंडाशी धरला आणि एका दमात बोलले.

"मी रामकृष्ण मेस्त्री, चिरेवाडी. ह्यो खुळखुळो माज्या हातचो. लाख गावणा नाय म्हणान मी डब्यातलो रंग लावलंय. त्या रंगात इख होतां. माका ठावक नाय होतां, पण हात माजोच. खुळखुळो पोराकडसून काढून घेवा आणि पोराक डॉक्टराकडे न्हेवा. ह्यो रंग पयलो माज्या झिलान, ह्या सिदून, चोखल्यान. मीच दिलंय. झील आजपण माज्याकडे आसा. आणि एक. तुमचां पोर असां झालां म्हणान कोणी तेच्या आवशीक बोललां आसात, तर तिची माफी मागा. माजी मागूची ऱ्हवली."

मी पाठवण्याचं बटण दाबलं. त्यातला एकही शब्द मी शुद्ध केला नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. फोन येत राहिले. काहींनी शिव्या दिल्या, काही नुसतेच रडले. मुंबईतला एक माणूस, सिद्धेशच्याच वयाचा, बाबांशी बोलायचं म्हणाला आणि आपला तान्हेपणीचा खुळखुळा अजून घरात आहे, एवढंच सांगून त्यानं फोन ठेवला. ठरलेली मागणी रद्द झाली. गावात दोन घरांनी आमच्याशी बोलणं टाकलं. डबे त्यांच्याकडेही होते. गडहिंग्लजच्या बाईंचा निरोप आला. मुलीच्या रक्तात थोडं सापडलं होतं, पण वेळेवर सापडलं, असं डॉक्टर म्हणाले होते. बाबांनी तो निरोप मला पुन्हा पुन्हा वाचायला लावला.

मग एका सकाळी बाबलकाका आले. हातात त्यांच्या घरची दोरी, खुळखुळ्यांनी भरलेली. त्यांची थोरली मुलगीही शाळेत कधी टिकली नव्हती. त्यांनी दोरी पायरीवर ठेवली, मला म्हणाले, "बघ गो बाय," आणि आत न येता तिथेच बसून राहिले. त्या दिवशी त्यांनी एकही चेष्टा केली नाही.

पावसाळा सरल्यावर नवी लाख आली. बाबांनी पांगाऱ्याच्या लाकडाचा एक खुळखुळा कातला, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली, लाल रंग वितळून पसरला. सिद्धेशनं केवड्याचं पान धरलं. मी तो प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल स्वच्छ आला, चकती बसली, पासपोर्ट निघाला. घरी आणून मी तो बाबांच्या हातात दिला आणि म्हटलं, "सगळां पास झालां. आता विकूक हरकत नाय."

"उष्टावण ऱ्हवलां."

"बाबा, आता कशाक? आणि घरात बारकां पोर खंय आसा?"

त्यांनी खिशातून रुमाल काढून खुळखुळा पुसला आणि तो आपल्या बोळक्या तोंडात घातला. हिरड्यांत धरून, डोळे मिटून, ते लहान मुलासारखे तो चोखत राहिले.

सिद्धेश टाळ्या पिटत हसला, "बाबा बाळ! बाबा बाळ!" आणि त्यानं हात पुढे केला, "माका दी."

उभ्या जन्मात बाबांनी त्याला कधी नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी खुळखुळा तोंडातून काढला, पण दिला नाही.

"थांब, सिदू," ते म्हणाले. "आदी माका."

सिद्धेशला ते पटलं असावं. केवड्याचं पान मांडीवर ठेवून तो बापाच्या तोंडाकडे बघत, आपली पाळी यायची वाट पाहत बसला.